पाव फेरी

पप्पा : आणि समजा झालीस तू गणितवाली. सकाळी उठून करणार काय?

ताई : विचार.

पप्पा : आणि दुपारी?

धाकटी : दुपारी चूक सापडेल. मग संध्याकाळी पुन्हा विचार.

पप्पा : ए ठिणगे, तू मध्ये बोलू नकोस. शाळा सोडलीस तेव्हाच तुझं मत बाद झालं.

धाकटी : हिला गणित आणि इंजिनियरिंग, दोन्हीकडे जागा मिळालीये, तर हिचं हिला निवडू द्या ना! पाचला प्रवेशाची साइट बंद होते.

पप्पा : निवडू दे की. ओटीपी माझ्या फोनवर येतो. इंजिनियरिंगवर बोट ठेवलं की लगेच सांगतो.

ताई : पप्पा, ही दादागिरी आहे.

पप्पा : अगं, मी लिफ्ट दुरुस्त करायला खड्ड्यात उतरतो, तेव्हा वर कडेला इंजिनियर उभा असतो. त्याचं हेल्मेट पांढरं, माझं पिवळं. पांढऱ्याला खुर्ची मिळते, पंखा मिळतो. गणितवाल्याला हेल्मेट तरी असतं का?

धाकटी : कशाला लागतंय? डोक्यावर पडणार काय, शून्य?

पप्पा : गप्प! ...घ्या. सांडला चहा. टेबल कुणी हलवलं?

धाकटी : कुणी नाही. तुम्ही ‘गप्प’ म्हणालात, तेवढं पुरतं त्याला.

पप्पा : पायाखालचा पुठ्ठा कुठाय?

धाकटी : झाडताना गेला.

पप्पा : करवतच आणतो. एक पाय लांब आहे.

ताई : चारही सारखे आहेत. तुम्हीच कापून कापून सारखे केलेत. फरशी वाकडी आहे.

धाकटी : अजून कापलंत तर पालथं झोपून जेवावं लागेल.

पप्पा : मग गणिताने कर ना सरळ! पुठ्ठा नाही, करवत नाही. कर!

ताई : केलं तर?

पप्पा : तर ओटीपी तुझा. कुठंही बोट ठेव. नाही जमलं तर इंजिनियरिंग, आणि तोंड फुगवायचं नाही.

ताई : चालेल.

पप्पा : चालेल म्हणे! मी तोवर करवत शोधतो. लागणारच आहे.

(पप्पा स्वयंपाकघरात जातात. बैठकीकडे उघडणारं दार त्यांच्या मागे आपोआप लागतं.)

धाकटी : डोकं ठिकाणावर आहे का तुझं? या डुगडुग्यावर पैज लावलीस?

ताई : टेबल चौरस आहे ना?

धाकटी : आहे. रोज मीच पुसते.

ताई : मग पाव फेरीच्या आत कुठेतरी ते घट्ट बसणारच.

धाकटी : कोण म्हणतं?

ताई : बघ. हा पाय हवेत आहे, बाकीचे तीन टेकलेत. ते तीन टेकलेलेच ठेवून फिरवत गेलो, तर पाव फेरीला प्रत्येक पाय शेजारच्याच्या जागी येतो. तेव्हा इथल्या खोल जागेत टेकलेला पाय उतरेल, आणि हा हवेतला पाय फरशीच्या खाली जायला बघेल.

धाकटी : फरशी फोडून?

ताई : फोडायची गरज नाही. आत्ता वर आहे, तिथे खाली जाणार. म्हणजे मधे कुठेतरी नेमका टेकणार.

धाकटी : नेमका कुठे?

ताई : ते नाही माहीत.

धाकटी : वा! म्हणजे किल्ली हरवली, पण घरातच आहे.

ताई : हो, पण घरातच आहे ना? गावभर शोधायला नको. धर तिकडून.

धाकटी : हं... लटपटतंय. अजून लटपटतंय. अगं माझा अंगठा! ...ताई. थांब. हलत नाहीये.

ताई : दाबून बघ.

धाकटी : दाबलं. वर बसू? बसले. नाचू?

ताई : उतर खाली!

पप्पा : सापडली करवत! ए, दार कुणी अडवलं?

धाकटी : टेबलाने. त्याचा कोपरा दाराला लागलाय.

पप्पा : मग सरकवा.

ताई : पप्पा, ते घट्ट बसलंय. इथेच बसलंय.

पप्पा : थापा मारू नकोस.

धाकटी : फटीतून हात घाला. दाबा बोटाने.

पप्पा : ...पाण्याचा पेला ठेव वर. काठोकाठ.

धाकटी : ठेवला.

पप्पा : आता रेल कोपऱ्यावर. सगळा भार टाक.

धाकटी : टाकला. थेंब नाही पडला.

पप्पा : खाली पुठ्ठा आहे.

धाकटी : आईशप्पथ नाही!

पप्पा : किती जागा बदलून बघितल्यात?

ताई : नुसतं फिरवलं. पाव फेरीसुद्धा नाही झाली.

पप्पा : आणि ही जागा तुला आधीच माहीत होती?

ताई : जागा नव्हती माहीत. जागा आहे, एवढं माहीत होतं.

धाकटी : पप्पा? ...पप्पा, आहात ना? पाच वाजत आले.

पप्पा : आहे. जाणार कुठे? ठेव म्हणावं बोट. गणितावर ठेव.

ताई : ठेवलं.

पप्पा : आला बघ. चार, शून्य, सात, सात.

ताई : ...झालं, पप्पा.

पप्पा : बरं.

धाकटी : या आता बाहेर. सरकवते मी टेबल.

पप्पा : हात लावू नकोस त्याला! तळमजला तर आहे. मी खिडकीतून येतो.

धाकटी : खिडकीला तुम्हीच लाकडी पट्ट्या ठोकल्यात. मांजर येतं म्हणून.

पप्पा : माहितीये. करवत आहे ना माझ्याकडे.