सोळा वर्षांची सर्दी

दवाखान्याच्या रांगेत पुढे मावशी-भाची उभ्या होत्या. मागच्या शिंपीकाकांनी आपलं चोंदलेलं नाक पुसलं आणि कान टवकारले.

“मावशी, तुझ्या नाकातल्या विषाणूचा अख्खा जनुकक्रम आमच्या प्रयोगशाळेने इंटरनेटवर चढवलाय. सत्तावीस देशांतल्या संशोधकांनी तो उतरवूनही घेतला!”

“अगं बाई! मी अजून विमानात पाय ठेवला नाही, आणि माझी सर्दी जग फिरून आली?”

“पण एक घोळ झालाय.”

“माझं नाव चुकवलंस?”

“नाव लिहीतच नाहीत गं, फक्त वय. एकसष्टचे आकडे माझ्या हातून उलटे पडले.”

“म्हणजे मी सोळाची?”

“हसू नकोस ना! माझी पहिलीच नोंद, आणि लोक त्यावरून अभ्यास करतात. आत्ताच दुरुस्ती कळवते.”

“खबरदार मोबाइलला हात लावलास तर!”

“मावशी, साहेब माझी सालटी काढतील!”

“बरं बाई, उद्या सकाळी कळव. आजचा दिवस मला मिरवू दे.”

शिंपीकाकांना हसू आणि शिंक एकदमच आली. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, “बाई, वय सांगा.”

मावशींनी पदर सारखा केला.

“आजचं सांगू, की उद्याचं?”