माणशी वीस पौंड

हॅलो? … हो, व्हर्लीन, तुझी आईच बोलतेय. या घरात दुसरं आहे कोण? … उद्या गयानाला निघालात आणि आज आईची आठवण झाली. प्रभूची कृपा!

… सव्वीस? अगं, हातातली पिशवी माणशी वीस पौंड. मिशनच्या त्या चिमुकल्या विमानात पिशवीसकट माणसाला काट्यावर चढवतात. तुझ्या बाबांबरोबर अठरा वर्षं चढलेय मी. काटा चर्चची भीड ठेवत नाही.

… भरलंय तरी काय? … हं… हं… बिडाचा तवा? जंगलात? … सिस्टर युलालीनी दिला. वा! आता डुकरं स्वतःहून येऊन बसतील त्यात. … अगं, मलाही माहितेय, निरोपाच्या रविवारी चर्चच्या म्हाताऱ्या देतील ते नाही म्हणायचं नाही, त्यांच्यादेखत पिशवीत घालायचं. पण घरी आल्यावर काढायचं असतं, बाई! माझ्या चार गोधड्या अशाच मागे राहिल्या. अजून पांघरतेय.

… हो, हो… अगं ऐक ना. तवा काढ आणि माझ्या नातीच्या, ओपलच्या फिटच्या गोळ्या सगळ्यात वर ठेव. … सापडत नाहीत म्हणजे काय? बुटांच्या खोक्यात ठेवल्या होत्यास ना?

… नीट बघ. … मग विचार तुझ्या नवऱ्याला. धरते मी फोन.

… अस्सं. खोक्यावर बुटाचं चित्र होतं, म्हणून जावईबापूंनी ते पेटाऱ्यात टाकलं. थॅडियस हिब्रू वाचतो म्हणे. झाकण उघडायला कुठल्या शाळेत शिकवतात? … थांब. पेटारा म्हणजे बोटीनं जाणारा? सहा आठवड्यांनी पोचणारा? … आणि पेटारा चर्चचे डीकन प्रूइट बंदरावर घेऊन गेले? कधी? … वीस मिनिटं झाली…

रडू नकोस. रडू नकोस गं. पण थॅडियसला पिशवीत एवढी जागा कशाला हवी होती? … बोल ना. मी काय खातेय तुला?

… माझ्या खोक्यासाठी.

… आहे, आहे मी. ऐकतेय. … हो, बाबांच्या प्रवचनांच्या अकरा कॅसेटी आणि टेपरेकॉर्डर. हो, मीच म्हणाले, हे मागे ठेवलंत तर मला तोंड दाखवू नका. … वा गं मी! मघापासून तव्याला हसत होते.

… काढ. सगळं काढ. … एकसुद्धा नको. … कळतं गं मला. बोलता बोलता गायला लागायचे, आणि बायका हातपंखे टाकून उभ्या राहायच्या… पण तुला पाठ आहे ते सगळं. पलंगावर चढून, रुमाल फिरवत म्हणायचीस. ओपलला तूच म्हणून दाखव. गळ्यात आहे ते काट्यावर कुणी मोजत नाही.

… आता डीकनचं. अगं, बंदराचा रस्ता माझ्या दारावरून जातो, आणि आज शुक्रवार, माझ्या रताळ्याच्या पाईचा दिवस. गेल्या नऊ वर्षांत हा माणूस शुक्रवारी न थांबता पुढे गेलेला नाही. … थांब, खिडकीतून बघते.

… प्रभूची स्तुती असो! आला ट्रक. डीकनसाहेब! अहो, बूट पुसू नका, पेटारा उतरवा! … पाई कुठं पळून जात नाही!

व्हर्लीन, फोन टेबलावर ठेवतेय, बंद करत नाही. तू म्हण तोवर. बाबांचं ते शेवटचं, यार्देन नदी ओलांडायचं. … लाजतेस कसली? म्हण.

…

हॅलो? मिळाल्या! खोकं माझ्या मांडीवर आहे. … सगळ्या आहेत, शिक्काही फुटलेला नाही. डीकन पाईचा तुकडा हातात घेऊनच गोळ्या पोचवायला परत निघताहेत तुझ्याकडे. … अगं, थांबलीस का? … म्हण ना.

… हं.

… हं.

… अगदी तिथेच श्वास घ्यायचे ते.

… आमेन. चल, ठेवते. … नाही, रडत नाहीये. आणि हे बघ, डीकन परत येतील, त्यांच्या हाती तो तवा दे मला पाठवून. माझा जुना झालाय.