टॉर्चच्या दिशेने आलेली सायकल

मी, बागेच्या मोठ्या फाटकासमोरची इस्त्रीवाली, वय छप्पन्न, धंदा इस्त्री करणे व कपडे घरपोच देणे, राहणार दुकानामागच्याच खोलीत, पतीसह. आज मला कोणी बोलावलेले नाही. आपण होऊन ठाण्यात आले आहे आणि समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे.

बागेत अंधार पडला की पत्ते, बाटल्या आणि बाकांच्या लोखंडी पट्ट्यांची चोरी असले प्रकार चालत. म्हणून दिवेलागणीनंतर बाग बंद ठेवायचा हुकूम निघाला. हुकूम चांगला आहे. सकाळी दुकानाच्या पायरीवर बाटल्या सापडायच्या, त्या आता सापडत नाहीत. माझी तक्रार हुकुमाबद्दल नाही, हे साहेबांनी आधी लिहून घ्यावे.

बागेच्या रखवालदाराला आज सकाळी घरी बसवले. फाटक बंद झाल्यावर हात ओले करून तो लोकांना आत घेतो, असा त्याच्यावर संशय आहे. आत घेतलेले लोक म्हणजे मी एकटी. त्याचे हात मी ओले केलेले नाहीत. ओले झाले ते हवालदार, ते पुढे येईलच.

हकीकत अशी की, कपडे पोहोचवायचे काम माझे पती सायकलवरून करतात. त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आहे. घरी आले की गरम पाण्याची पिशवी घेऊन बसतात, आणि विचारले की म्हणतात, "काही नाही गं, जरा कुरकुरतात." चढावर उतरून सायकल ढकलत नेतात, हे मला गिऱ्हाइकांकडून कळले. उद्यापासून मी जाते म्हटले, तर म्हणाले, "तुला सायकल येते का? नाही ना? मग विषय संपला." विषय संपवायची त्यांना फार घाई. मला त्यांचे हाल बघवत नव्हते, म्हणून सायकल शिकायचे ठरवले.

दिवसा बागेत सायकलला मनाई आहे. रस्त्यावर शिकले असते तर सगळ्या गल्लीची फुकट करमणूक झाली असती आणि पतीला कळले असते. रखवालदार मला वहिनी म्हणतो. मी त्याच्या मागे लागले. "वहिनी, माझी नोकरी घालवाल," असे तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. तरी तयार झाला. तो आधी शिट्टी मारत सगळी बाग रिकामी करायचा, दिवे घालवायचा, आतून कुलूप लावायचा आणि मगच मला शिकवायचा.

शिकवायची पद्धत विचारल्यावरून सांगते. बागेतली मधली वाट उताराची आहे, खाली कारंज्याचा हौद आहे. मी वरच्या टोकाला सायकलवर बसायची. रखवालदार हौदाच्या अलीकडे टॉर्च लावून उभा राहायचा. मी उजेडावर नजर ठेवून यायची, आणि तो हँडल धरून मला थांबवायचा. "आधी तोल, मग बाकीचं," असे त्याचे म्हणणे. ब्रेक बाकीच्यात होता. येताना मी "मेले, मेले" असे ओरडते. त्याला इलाज नाही. इस्त्रीचा चटका बसला तरी मी तेच म्हणते.

काल गस्तीवरच्या हवालदारांनी ते रस्त्यावरून ऐकले. बाग बंद, दिवे बंद, आत बाई मेले मेले करते. त्यांनी फाटक हलवले. कोण आले बघायला रखवालदार टॉर्च विझवून फाटकाकडे गेला. मी तोवर सायकल ढकलत परत वर पोचले होते, मला हे काही माहीत नाही. हवालदार मागच्या भिंतीवरून आत उतरले ते नेमके हौदापाशी, आणि त्यांनी आपला टॉर्च लावला. मला वाटले, गुरुजी जागेवर उभे आहेत. मी निघाले.

हवालदार "थांब" म्हणाले, हे खरे आहे. रखवालदारही रोज म्हणतो. मी कधी थांबलेली नाही.

त्यानंतर हवालदार, मी आणि सायकल हौदात पडलो. पाणी गुडघाभरच आहे. हवालदारांनी आधी मला बाहेर काढले, मग सायकल, मग स्वतःची टोपी. त्यांचे कोपर खरचटले, याचे मला मनापासून वाईट वाटते. सायकल ठाण्यात जमा झाली. मी घरी ओलीचिंब गेले, तर पतीने काही विचारले नाही, नुसता टॉवेल दिला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

हवालदार इथेच चहा घेत बसले आहेत. ते म्हणतात, "साहेब, एवढी रुंद वाट, पण बाई नेम धरून आल्या. जरासुद्धा वळल्या नाहीत." माझे म्हणणे असे की, वळता आले असते तर अंधारात शिकायला कशाला गेले असते. साहेब हसले आणि हसल्याचे लिहायला नको म्हणाले. मी लिहायला लावले आहे.

रखवालदाराच्या घरात कमावणारा तो एकटा. माझ्या हट्टापायी त्याच्यावर ही वेळ आली, म्हणून मला सकाळपासून घास गोड लागलेला नाही. हवालदार स्वतःहून म्हणाले की, कुलूप मी हलवून बघितले, चोख लावलेले होते, माझी काही तक्रार नाही. साहेबांनी बागेच्या कार्यालयात फोन लावला. रखवालदाराला ताकीद देऊन उद्यापासून कामावर घेणार आहेत. हे ऐकून मी रडले. तेही लिहावे, हसण्याच्या शेजारी.

हा जबाब चालू असताना माझे पती लंगडत ठाण्यात आले. मी त्यांना सायकल पंक्चरला टाकली आहे असे सांगितले होते, त्यामुळे मान खाली घातली. ते साहेबांना म्हणाले, "रोज सकाळी बघतो तर सीट खाली केलेली. मी वर करून जातो, दुसऱ्या दिवशी परत खाली. माझ्या घरात माझ्यापेक्षा बुटकं आहे कोण?" मी म्हटले, "मग बोलला का नाहीत?" तर म्हणाले, "बोललो असतो तर तू लाजून सोडून दिलं असतंस." मग म्हणाले, "आत्ता आवारात बघितली. सीट खालीच आहे. आता खालीच राहू दे."

वरचा मजकूर साहेबांनी मोठ्याने वाचला, तो मी, पतीने व हवालदारांनी ऐकला. मी सांगितले तसाच आहे. सही करते. सायकल ताब्यात मिळाली. पती आवारात ब्रेक दाबायला शिकवणार आहेत. हवालदार टॉर्च घेऊन उभे राहायला तयार नाहीत.