आमच्या गच्चीवरचा सोलर

...नाई, मले एक सांगा राजेहो, अकोल्यात उनाची काय कमी हाय? उन्हाळ्यात गच्चीवर पापड टाकला तं भाजूनच खाली येते, आन् अशा फुकटच्या उनात माह्या घरी पानी गरम होत नाई म्हन्जे काय! तुमाले सांगतो, तो सोलर मी माह्यासाठी नोयता बसवला, आईसाठी बसवला. भागीरथाबाईनं, माह्या मायनं, जल्मभर थंड्या पान्यानं आंघोळ केली, गुडघे धरले, हिवाळ्यात भिंत धरून चालते. म्हनलं, आता तरी बाईच्या अंगावर कढत पानी पडू दे. दोन हिवाळे सोलर असा चालला, असा चालला, का मी हापिसात चार जनाले घ्यायले लावला! आईले इचारलं, पानी कसं हाय? "मस्त हाय बापा." बस.

आन् यंदा ऐन थंडीत आई रश्मीकडं गेली, माही बहीन, चांदूर बाजारले देली हाय तिले, आन् दुसऱ्याच दिवशी सोलर मेला! मले अमरावतीची गाडी धरा लागते, म्हनून मीच पयले घुसलो, नळ सोडला, डोक्यावर गडवा ओतला... जीव टाळूतून निंगून गेला! बायकोले सांगतो, सोलर बिघडला. शालू माह्या मागून आंघोळ करून येते आन् म्हनते, मले तं कढत आलं, तुमचं नशीबच थंडं हाय. आता बोला!

कुंदन प्लंबरले बोलावलं. तो गच्चीवर चढला, म्हने बोरचं पानी खारं हाय भाऊ, टाकीत खार जमला, धुवा लागते. धुतली. सकाळी थंडं. म्हने कॉक गेला. बदलला. थंडं. म्हने मंग उनच कमी पडत असन. उन! अकोल्यात उनाची काय कमी हाय? कंपनीले फोन लावला तं तिथली पोरगी गोड आवाजात इचारते, सर, आपके यहाँ धूप आती है क्या? म्हनलं बाई, तू एक डाव मे महिन्यात ये, मंग सांगतो.

मंग आई परत आली, आन् दुसऱ्या दिवशी नळ सोडतो तं... कढत! वाफा निंगून राह्यल्या! कुंदन म्हने, म्हनलं होतं ना भाऊ, कॉकच होता.

मी आईले कवतिकानं सांगून राह्यलो, तू गेली आन् सोलर बिघडला, तू आली आन् सुदरला. आई तांदूळ निवडून राह्यली होती. मान वर न करता म्हने, "बिघडन कायले? रातभर पाइपात पानी थंडं पडते. पयल्या दोन बादल्या थंड्याच येतात. मी सगळ्याईच्या आधी उठतो, त्या दोन मी घेतो. मंग तुमाले कढत येते."

दोन हिवाळे राजेहो! जिच्यासाठी सोलर बसवला, तिच्या अंगावर त्याचा एक गरम थेंब नाई पडला. म्हनलं, मंग ते थंडं पानी सोडून काहून नाई देत? "नळाले आठ-आठ दिवस पानी नाई, बोर आटून राह्यली, आन् मी पानी मोरीत सोडून देऊ?"

तुमी म्हनान, त्या दोन बादल्या भरून बाजूले ठेवा, भांड्याले होतात. ठेवल्या ना! पहाटे उठून मी सोता भरल्या, आईले म्हनलं, आता नळाचं कढत घे. तिनं त्याच बादल्याईनं आंघोळ केली. म्हने, भरलेलं पानी हाय, तुमाले गरम राहू द्या. कुंदनले म्हनलं जवळून नवा पाइप टाक, तं शालू म्हने माह्या नव्या टाइल्स फोडून तं दाखवा.

शेवटी ठरलं, पयले आंघोळ मी करनार. तवापासून पहाटे घरात सगळे जागे असतात. मी जागा, शालू जागी, दोनी पोरं जागी. सगळे पांघरुनात, सगळ्याईचे कान बाथरूमकडं. उठतोच आता... हे काय, उठतोच... तेवढ्यात बादलीत धार पडल्याचा आवाज येते. आई असते. मंग काय करता... आवाज बंद झाला का मी जातो. पानी एकदम कढत येते. अकोल्यात उनाची काय कमी हाय?