शेगडीत पाणी मुरतंय

—नाही हो भाऊ, शेगडीच्या दाराची काच कालच पुसली होती, परवाही पुसली, रोज पुसतेच मी—तासाभरात पुन्हा तव्यासारखी काळी. जाळ कसा आळशी, पिवळा, आणि मग खट्‌ करून बंदच. तुम्ही मेकॅनिक, तुम्हाला जास्त कळतं, पण मला विचाराल तर ही शेगडी संपली. बारा वर्षं झाली हिला. तुम्ही फक्त तेवढं कागदावर लिहून द्या—दुरुस्त होण्यासारखी नाही म्हणून—कारण माझ्या शब्दावर आमच्या ह्यांचा विश्वास नाही. ह्यांचं एकच: बाबांची खोली गरम राहतेय तोवर बाबा घरात. ज्या दिवशी राहणार नाही त्या दिवशी वृद्धाश्रमाचं बघू. सासऱ्यांची छाती नाजूक, डॉक्टरांनी बजावलंय, गारठा अजिबात नको. तिथं म्हणे प्रत्येक खोली गरम असते. त्यांच्या भल्याचंच आहे ना? आहेच.

जरा हळू बोला हां, आत जागेच आहेत. कान तिखट आहेत—एकतीस वर्षं कारखान्यात बॉयलर सांभाळला, त्यामुळे आग फक्त त्यांनाच कळते. मी दूध तापत ठेवलं तरी आतून आवाज, सूनबाई, आच मोठी आहे. सहा वर्षं ऐकतेय. उठवा, बसवा, पाठ पुसा, चादर बदला—चादर तर दिवसातून तीनदा. ह्यांचं काय, संध्याकाळी येऊन 'बाबा, कसं वाटतंय' विचारलं की झाली सेवा. मी वाईट बाई नाही हो. माझी कंबर गेलीय. माझी आई गेली तेव्हा शेवटचं तोंड बघायला जाता आलं नाही मला, का, तर बाबांपाशी कोण थांबणार. जाऊ दे, तुम्हाला कशाला सांगतेय मी हे.

काय निघालं ते, शेगडीच्या टाकीतून? जळणाच्या, भुशाच्या गोळ्याच ना त्या—पार लगदा झालाय. मग पुढं सरकणार कशा, अडकणारच. गोळ्यांचं पोतं ओलं असेल. बघितलंत तुम्ही? कोरडं आहे? बरं, मग वरून गळत असेल—कुठंतरी पाणी मुरतंय एवढं खरं, तेच शोधायला तर बोलावलं तुम्हाला... हो, छत धड आहे, मलाही दिसतंय. पण कपभर पाण्यानं एवढं होतं का हो? कप? कप कधी म्हटलं मी? असंच आलं तोंडात.

ते खिडकीतलं ताट? बाबांचंच ते. आठवडाभर चाळा लागलाय—भिंत धरत धरत यायचं, टाकीतल्या मूठभर गोळ्या काढायच्या, एकेक बोटांनी चाचपायची आणि दोन ढीग करत बसायचं. मी ह्यांना दाखवलंसुद्धा, बघा, बाबांचं डोकं ठिकाणावर नाही. काय म्हणालात? एक ढीग ओल्यांचा, एक कोरड्यांचा? नीट बघा बरं. एकही इकडची तिकडं नाही?

म्हणजे त्यांना कळलं होतं. बॉयलरवाला माणूस, त्यांना नाही कळणार तर कुणाला? आणि मुलगा रोज शेजारी येऊन बसतो, त्याच्यापाशी एक अक्षर नाही. मी चहा नेते, घेतात, माझ्याच हातचा—'ठेव, तू जरा पड' म्हणतात. लाज वाटते मला. खरंच सांगते, आत्ता जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटतंय.

मघाशी मी टॉर्च आणायला गेले तेव्हा बाबा तुमच्याशी काय बोलत होते? सांगा ना. ...आपल्याच हातून सांडलं म्हणाले? हात थरथरतो म्हणून? खोटं आहे ते. त्यांचा हात थरथरत नाही भाऊ, त्या ताटात बघितलंत ना तुम्ही.

...

लिहा मग. काय म्हणजे काय? त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय ना तुम्हाला—म्हातारा माणूस शेगडीत पाणी ओततो, घरी ठेवणं धोक्याचं आहे—तेच लिहा. माझ्याकडे असं बघू नका. एक दिवस राहून बघा इथं, एकच दिवस, आणि मग बघा माझ्याकडे. लिहा, हे चारला येतील. खाली सही करा. झालं? द्या इकडं. आणि जाताना दार घट्ट ओढून घ्या, गारठा आत येतो, त्यांना सोसत नाही.