पाण्याचा ड्रम उजवीकडं

कोपरगावला जनावरांच्या दवाखान्यात माझ्यापुढं ऊसतोडीला आलेलं पाथर्डीकडचं एक नवरा-बायकोचं जोडपं बसलं होतं. दोघांच्या मधे त्यांचा म्हातारा कुत्रा. गडी बायकोला पढवत होता.

"डॉक्टर इचारतील, ह्याला कवापासून दिसत न्हाई. ह्या म्हयन्यापासून म्हन."

"गेल्या साली श्रीगोंद्याला हुतो, तवापासून."

"गेल्या साली? आन् मला कसं ठाव न्हाई?"

"सांगितलं आसतं तर तुमी त्याला गावाकडंच ठिवला आसता."

"आगं, पन ह्यो भुऱ्या तर सरळ आपल्या पाल्याच्या कोपीत शिरतो! पान्याच्या ड्रमाला कदी धडकला न्हाई."

"ड्रम कुठं आसतो?"

"दाराच्या उजव्या अंगाला."

"श्रीगोंद्याच्या कोपीला कुठं हुता?"

"उजव्याच... थांब. यंदा मी डावीकडं मांडला, तर तू भांडून उजवीकडं न्यायला लावलास, ते ह्याच्यापायी?"

"व्हय."

"मला वाटलं, तुज्या भावाला बोललो म्हून."

"त्ये बी हुतंच."

"मला तर काईच उमजंना. उसाच्या फडात वीस मानसं आसत्यात. त्यातनं नेमका माज्यापाशी येतो. न दिसता कसा येतो?"

"तुमी खोकता नव्हं."

त्यांचा नंबर आला. गडी उठून दारापर्यंत गेला आणि मागं वळला.

"दोर सोड त्याचा."

तिनं सोडला. तो खोकला. कुत्र्यानं कान टवकारले, पण जागचा हलला नाही.

"आसं न्हाई. रोजच्यावानी खोका."