एलदादची विसरलेली पेंढी

मंडळी, सावरून बसा, पोरांना मांडीवर घ्या, आणि आधी एक सांगा. हातून न ठरवता जे चांगलं घडतं, ते पुण्य म्हणायचं का? चुकून घडलेलं पुण्य देवाला चालतं का?

मागून कोणीतरी "नाही" म्हणालं. बरं. ते उत्तर पदरात बांधून ठेवा.

मोशेनं इस्राएल लोकांना देवाच्या पुष्कळ आज्ञा दिल्या. चोरी करू नको — समजलं. शब्बाथला, विसाव्याच्या दिवशी, काम करू नको — समजलं, आणि काहींना फारच आवडलं! पण त्यात एक आज्ञा अशी, की पाळायला निघालात की ती मोडलीच. कापणीत एखादी पेंढी शेतात विसरलात, तर ती आणायला मागे फिरायचं नाही. ती विधवेची, पोरक्याची, परमुलखातून आलेल्याची. आता सांगा, ठरवून कोणी विसरतं का?

ऐका तर. ही गोष्ट पोथीच्या पानात शोधू नका. पानांच्या कडेनं एक पायवाट जाते, तिच्यावर ही मला भेटली.

अलीशा नबीचे दिवस. एफ्राइमच्या डोंगरातलं एक गाव. दुष्काळ नुकता सरलेला, आणि उतारावर गहू असा उभा, की —

गव्हाच्या कणसाला वारा घालितो फुंकर
भरल्या शेताला गं आभाळाचा पदर

त्या गावात एलदाद नावाचा शेतकरी. घरचा सुखी, मनानं देवभोळा. शेताचे कोपरे गरिबांसाठी न कापता सोडायचा, खाली गळलेली कणसं कधी उचलायचा नाही. सगळं करायचा. पण विसरणं काही त्याला जमायचं नाही! कोणती पेंढी कोणत्या बांधाला टेकवली, कोणत्या गड्यानं बांधली, सगळं डोक्यात. वेशीवरचे म्हातारे म्हणायचे, "एलदादा, यंदा तरी विसर रे. देवाचा हा वाटा तुझ्याच शेतात उपाशी राहतो."

"मी काय करू, काका? बघितलं की राहतंच."

यंदा मात्र त्याची बायको नामा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "अहो, तिर्सा गाव सोडून चाललीय."

तिर्सा म्हणजे शेजारच्या हारानची बायको. हारान दुष्काळात गेला. मागे ती, तिची पोर आणि जमिनीचा एक तुकडा.

"का चाललीय?"

"खाण्यापुरता सरवा, गळलेली कणसं, वेचलाय तिनं. पेरायला बी नाही. तुकडा पडीक राहिला, तर शोमरोन शहरात जाऊन लोकांच्या घरी दळण दळायचं, तिनंही आणि पोरीनंही. सगळ्यांची शेतं कापून झाली. आपलंच राहिलंय."

"मग दे की तिला सुपभर."

"दिलं होतं. परत आणून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी एलदादनं काय करावं? एक भरगच्च पेंढी झुडपाआड ठेवली आणि निघाला. मान ताठ, चाल अशी की नवरदेव घोड्यावरून पडायला घाबरतोय. बांधावर तिर्सा सरवा वेचत होती. तिनं पेंढी बघितली आणि कमरेवर हात ठेवला.

"भावजी, ही तुमची."

"अरे हो? विसरली वाटतं."

"विसरलेला माणूस दर पावलाला मागे वळून बघत नाही."

एलदादचे कान लाल झाले. "घ्या हो वहिनी. बियाला होईल."

"देवानं दिलेलं मी मान वर करून घेते," ती म्हणाली. "ज्यानं माझ्या माणसाच्या तिरडीला खांदा दिला नाही, त्यानं दिलेलं कशी घेऊ?"

आणि ती पुन्हा खाली वाकून वेचू लागली.

पेंढी उचलून एलदाद घरी आला. अंगणात एक म्हातारा नबी बसलेला. अलीशाच्या मेळ्यातला, गावोगाव फिरणारा. नामानं त्याला भाकरी आणि जैतुनाचं तेल दिलं होतं, आणि दाढीला तेल लावत त्याचं जेवण चाललं होतं.

"महाराज," एलदाद म्हणाला, "विसरायचा काही मंत्र आहे का?"

"मंत्र त्या परक्या बआल देवाच्या पुजाऱ्यांकडे. आमच्याकडे नुसतं तोंड आहे. तुला सगळ्यात पक्कं काय आठवतं, ते सांग."

एलदादला विचार करावा लागला नाही. "मांडवांच्या सणाला हारान सगळ्या गावासमोर म्हणाला, हा एलदाद इतका मोजून मापून, की बायकोकडे बघून हसायचं तरी आधी तराजू काढतो. सगळे हसले. वाऱ्यानं मांडवाची फांदी हलत होती. डावीकडचे लोक जास्त हसले."

"मग?"

"मग मी त्याच्याशी बोललो नाही. तो गेला, तरी गेलो नाही."

नबीनं बोटं पुसली. "वेड्या, तो मातीत झोपलाय आणि तू अजून त्याच्याशी भांडतोस. बिचाऱ्याला उत्तरही देता येत नाही! डोक्यावर हा धोंडा घेऊन तू पेंढी विसरायला निघालास?"

"धोंडा टाकू कसा?"

"ज्याच्याशी बोलायचं तो गेला. त्याची चूल अजून पेटते. तिथं बोल."

कापणीचा शेवटचा दिवस आला. गडी शेवटच्या पेंढ्या गाढवांवर चढवत होते. एक पेंढी काखेत घेऊन एलदाद बांधाकडे गेला. पेंढी खाली ठेवली आणि तिर्सासमोर दगडावर बसला.

"वहिनी, हारानच्या मातीला मी आलो नाही. चुकलो. सणातलं बोलणं धरून बसलो होतो."

तिर्सानं ओंजळीतली कणसं चोळली. मग म्हणाली, "त्या दिवशी घरी आल्यावर मी त्याला फार बोलले. दुसऱ्या दिवशी तो तुमच्या दाराशी आला होता. तुम्ही कडी लावून घेतलीत."

"मला वाटलं, भांडायला आलाय."

"टोपलीभर अंजिरं घेऊन आला होता. मग आम्हीच खाल्ली." तिनं हातातला भुसा झटकला. "फार गोड होती हो."

मंडळी, एलदाद आधी हसला, मग रडला, मग दोन्ही एकदम. तिर्साही पदरानं डोळे टिपत हसत होती. मग हारानच्या आठवणी निघाल्या. तो गाढवासमोर गाणं म्हणायचा आणि गाढव तोंड फिरवायचं. नवे जोडे जपण्यासाठी ते हातात घेऊन चालायचा. ऊन कलंडलं तरी दोघांना भान नाही.

शेवटी एलदाद उठला, अंग झटकलं आणि खळ्यावर आला. नामानं बघितलं. "अहो, तुमच्या काखेत पेंढी होती ना?"

एलदादनं काखेकडे बघितलं. पाय सवयीनं मागे वळले, चार ढांगा गेलेही. आणि तो थांबला. जागच्या जागी. मागे फिरायचं नाही! तो त्या वाटेवरच मटकन बसला आणि मांडीवर थापा मारत हसू लागला. गडी नामाला म्हणाले, "मालकीणबाई, पाणी आणा, मालकांना ऊन लागलं."

इकडे तिर्सा पेंढीशेजारी उभी होती. तो जाताना ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली होती. एकदाही वळला नव्हता. मग तिनं ती डोक्यावर घेतली.

पेंढी माझ्या माथी, न दिली न मागितली
देवाच्या हातून गं वाटेत सांडली

आणि मुद्दाम खळ्यावरूनच गेली. तिथं थांबून म्हणाली, "भावजी, शेतात काही राहिलं का हो तुमचं?"

कोणती पेंढी कोणत्या बांधाला, हे जन्मभर सांगणारा तो माणूस! त्यानं मान खाजवली. म्हणाला, "आठवत नाही, वहिनी."

पहिल्या पावसाआधी तिर्साचा तुकडा नांगरून झाला. पोर शोमरोनला गेली नाही.

तर मंडळी, पेंढी विसरणं एलदादच्या हातात नव्हतं. बांधावर जाऊन बसणं होतं. तेवढं त्यानं केलं, बाकीचं देवानं उचललं. आता तुमचं बघू. कोणाच्या लग्नात आहेर परत आला, कोणी बारशाला बोलावलं नाही, कोणी पंगतीत काय बोललं, सगळं पाठ आहे ना? नाव मोठ्यानं सांगू नका. पण ते माणूस याच मांडवात बसलं असेल, तर मी थोडा थांबतो. उठा, आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा. काही बोलायला नको. नुसतं बसा.

पेटीवाले, सूर धरा. सावकाश. घाई नाही.

…हां. तिकडे खांबापाशी कोणीतरी उठलंय. वळून बघू नका मंडळी, लाजेल ते. वाट द्या.